लोणी काळभोरची उंच टाकी

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे आणि नोकरीतली बहुतेक वर्षं मी पाण्याच्या टाक्यांची डिझाइनं करण्यात घालवली आहेत. टाकी म्हटलं की लोकांना गावाबाहेर खांबांवर उभी असलेली गोल टाकी आठवते. माझ्या टाक्या तशा नव्हत्या. त्या जमिनीखाली असायच्या. सोसायटीच्या पार्किंगखाली, रॅम्पच्या कडेला, एकदा तर लहान मुलांच्या घसरगुंडीखाली. महापालिकेचं पाणी आधी या टाकीत उतरतं, मग पंपानं गच्चीवर चढतं. वर गाड्या उभ्या असतात, पोरं क्रिकेट खेळतात, आणि एक लोखंडी झाकण सोडलं तर खाली काही आहे हे कुणाच्या गावीही नसतं. टाकी चांगली झाली तर कुणी फोन करत नाही. गळली तर सगळी सोसायटी करते.

याचं मला कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं. काम नीट होत होतं आणि ते नीट होतंय हे सरांना माहीत होतं. तेवढं पुरत होतं.

सरांचं ऑफिस कर्वेनगरात, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. मी तिथं मुलाखतीला गेले तेव्हा मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. सरांनी एकच प्रश्न विचारला, "टाकी कशानं पडते?" मी पाण्याचा दाब, मातीचा दाब, भूकंप, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टाकी पडत नाही हो, टाकी गळते. पडू नये एवढी काळजी कुणीही घेतं. गळू नये याची घ्यायला शिकायचं असेल तर सोमवारपासून या."

मी सोमवारी गेले, ती गेलेच.

शनिवारी दुपारी ऑफिसातले बाकीचे लोक घरी जायचे. सर मात्र डबा खाऊन मोठ्या टेबलाशी कोरे कागद घेऊन बसत. आठवडाभर कॉम्प्युटरनं दिलेली उत्तरं ते हातानं पुन्हा करून बघत. "मशीनचं खोटं नसतं," ते म्हणत, "पण आपल्याला ते पटलं पाहिजे." मी समोर बसायची. भिंत पाण्याच्या दाबानं कशी वाकेल, सळई कुठल्या अंगाला हवी, काँक्रीटला केसाएवढी चीर पडली तर चालते पण त्याहून रुंद का चालत नाही, हे सगळं मी त्या टेबलाशी शिकले. माझ्यानंतर कितीतरी मुलं आली. कुणी आयटीत गेलं, कुणी दुबईला. शनिवारी थांबायची ती मीच. ते टेबल माझं आहे असं मला वाटायला लागलं होतं, आणि इतकी वर्षं कुणी तसं नाही म्हणायला आलंही नव्हतं.

मग ती आली.

ती माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी लहान. बारीक अंगाची, बोलायला भरभर, हेल्मेट काढता काढताच वाक्य सुरू करणारी. एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आली होती. तिथं म्हणे सगळं सॉफ्टवेअर करायचं आणि हिनं फक्त बटणं दाबायची. घर कसबा पेठेत, वडील तांब्याची भांडी घडवणारे. हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि सरांचे डोळे चमकले. माझ्या वडिलांनी पोस्टात शिक्के मारले. त्यात सरांचे डोळे चमकण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या शनिवारी ती थांबली. तिला थांब असं कुणी म्हटलं नव्हतं. सरांनी कागदावर एक घुमट काढला आणि विचारलं, "याचा सगळा भार कडेला येतो. तिथं काय होईल?"

तिनं दोन्ही हातांची ओंजळ उलटी केली आणि बोटं हळूहळू फाकवली. "पसरायला बघेल," ती म्हणाली. "भांड्याचा काठ वळवून घेतात ना, तसं कडेला काहीतरी आवळून धरणारं पाहिजे."

"अगं, तेच!" सर जवळजवळ ओरडलेच. "त्यालाच आपण रिंग बीम म्हणतो. बरोबर सांगितलंस!"

उत्तर बरोबर होतं, मी काही म्हणत नाही. पण मी अडकले ते त्या 'अगं'वर. इतक्या वर्षांत सरांनी मला कधी 'अगं' म्हटलं नव्हतं. मला ते 'तुम्ही'च म्हणत, नेहमी, अगदी माझ्या लग्नात अक्षता टाकायला आले तेव्हासुद्धा. मी तो मान समजत होते. त्या शनिवारी पहिल्यांदा मला तो मान दूर ठेवल्यासारखा वाटला.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "सरांनी तिला अगं म्हटलं."

तो भाकरी मोडत होता. "मग काय अहो म्हणायचं? लहान आहे ती."

"मी आले तेव्हा मीपण लहानच होते."

"तेव्हा सरही तरुण होते," तो म्हणाला. "तरुण माणसाला जपून बोलावं लागतं."

हे शहाणपणाचं होतं. मला त्याचा उपयोग झाला नाही.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवतात, कारण मत्सर असला की बारीकसारीक गोष्टी लक्षात राहतात. सर गोड खात नाहीत म्हणून मी दिवाळीचे लाडूही त्यांना कधी दिले नव्हते. तिच्या डब्यातली पुरणपोळी त्यांनी अर्धी खाल्ली. ती टेबलाशी माझ्या शेजारी न बसता सरांच्या डाव्या हाताला बसायची, म्हणजे कागद तिच्याकडे सुलटा आणि माझ्याकडे उलटा. सकाळी मी दहा मिनिटं लवकर जायला लागले. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं. सर तर अकराशिवाय येतच नसत. ती मला 'ताई' म्हणायची आणि मी तिला मुद्दाम अहो-जाहो करायची. "आपलं ड्रॉइंग टेबलावर राहिलंय," असं. ती हसून म्हणायची, "ताई, मला काय आपलं म्हणता?" मी म्हणायची, "ऑफिस आहे."

तिचा राग यावा असं तिनं काहीच केलं नव्हतं. हीच मोठी अडचण होती. ती कामाला वाघ होती, मदतीला तत्पर होती, माझ्या मुलीला तिनं गणिताच्या परीक्षेआधी फोनवर तासभर शिकवलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, ती किती छान समजावते!" मी म्हटलं, "जेव आता."

एक दिवस लोणी काळभोरहून एक गृहस्थ आले. सोलापूर रस्त्याच्या आत त्यांची वडिलोपार्जित जमीन होती, तिथं त्यांनी घरांची वसाहत काढली होती आणि तिला उंच टाकी हवी होती. वर घुमट, खाली निमुळता होत जाणारा तळ, आणि सगळं खांबांच्या गोल रांगेवर पेललेलं. आमच्या ऑफिसात असं काम क्वचित यायचं आणि आलं की सर ते स्वतः करायचे. मागच्या वेळी असं एक काम संपवताना ते मला म्हणाले होते, "पुढची उंच टाकी तुम्ही करायची." मी ते वाक्य जपून ठेवलं होतं.

गृहस्थ गेले. मी माझ्या जागेवर बसून राहिले. सर हाक मारतील म्हणून हातातलं काम बाजूलाही सारून ठेवलं. दुपारी सर बाहेर आले आणि म्हणाले, "लोणीची टाकी ती करेल. तुम्ही तपासा."

मी म्हटलं, "बरं."

"तुमच्याकडे त्या तीन सोसायट्या आहेतच," सर म्हणाले.

"हो, आहेत."

एवढंच बोलणं झालं. मी खाली मान घालून एका चौकोनी टाकीच्या कोपऱ्यातल्या सळया मोजत बसले. पलीकडे ती घरी फोन करून सांगत होती, "बाबा, मला टाकी मिळाली! उंचावरची!" त्या टाकीएवढा मोठा हंडा तिच्या घरच्यांनी तेव्हाच मनात घडवला असेल.

तिनं डिझाइन पूर्ण करून माझ्याकडे दिलं तेव्हा मी ते घरी घेऊन आले. एरवी मी कुणाचं काम घरी आणत नाही. रविवारी स्वयंपाक आटोपून बसले आणि पानापानावर नजर फिरवली. काम सुरेख होतं. अक्षरसुद्धा सुरेख होतं. मी इतकं मन लावून कधी कुणाचं काम तपासलं नव्हतं. घुमट बघितला, ठीक. रिंग बीम, ठीक. निमुळती भिंत दोनदा केली, ठीक. खांब, त्यांना बांधणारे आडवे बीम, भूकंपाचा जोर, सगळं ठीक. संध्याकाळ झाली तेव्हा मी पायाशी पोचले, आणि तिथं मला जे हवं होतं ते सापडलं.

सोमवारी सर आणि ती दोघंही टेबलाशी असताना मी विचारलं, "रिकाम्या टाकीचं गणित कुठे आहे?"

ती गोंधळली. "पण ताई, भरलेली टाकीच जड ना? पाया मी त्या वजनावर केलाय."

"जड आहे म्हणून ती जागेवर बसते," मी म्हटलं. "रिकामी हलकी असते. त्या वेळी जोराचं वादळ आलं तर वाऱ्याकडच्या अंगाचा पाया उचलायला बघेल. तुम्ही ते तपासलेलंच नाही."

माझ्या धंद्यात हे मुळाक्षरासारखं आहे. जमिनीखालची टाकी भरलेली असताना निवांत असते. रिकामी असेल आणि भोवती पावसाचं पाणी साठलं तर ती होडीसारखी वर उचलली जाऊ शकते. आयुष्यभर मी रिकाम्या टाकीला भीत आले होते, म्हणून मला ते चटकन दिसलं.

सरांनी पेन्सिल घेतली. पाच-सहा ओळी लिहून त्यांनी पेन्सिल ठेवली. "बरोबर आहे. पायाचा घेर वाढवावा लागेल."

मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा पडायला हवा होता. तिनं कपाळावर हात मारला आणि खळखळून हसली. "अरे देवा! मी सगळं जडजड बघत बसले! ताई, बरं झालं तुमच्याकडे आलं हे. मला तुमच्या खालच्या टाक्यांचं हे उचलण्याचं गणित दाखवाल का? आजच?"

ती कागद आणायला गेली. सर तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाले, "चूक दाखवल्यावर असं हसणारी माणसं कमी असतात."

चूक मी शोधली होती. कौतुक तिचं झालं.

टाकी उभी राहायला बरेच महिने लागले. ती आठवड्यातून एकदा तरी साइटवर जायची आणि उन्हानं रापून यायची. तिच्या मोबाइलमध्ये टाकीचे फोटो असत. आधी नुसते खांब, मग वर लाकडी साच्याचं भलंमोठं घरटं, मग एक दिवस साचा उतरवल्यावर करडा, गुळगुळीत, निमुळता तळ. ऑफिसात सगळ्यांनी तो फोटो हातोहात फिरवला. माझ्या हातात आला तेव्हा मी "छान" म्हटलं. छानच होता. सोलापूरला जाणाऱ्या बसमधून लोकांना ती दिसणार होती. माझ्या टाक्या बघायच्या तर गुडघ्यावर बसून झाकण उचलावं लागतं.

टाकी पहिल्यांदा भरायची वेळ आली तेव्हा सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. ते म्हणाले, "तुम्ही दोघी जा." मी गाडी काढली. लोणीपर्यंत ती बोलत होती आणि मी रस्त्याकडे बघत होते.

पाणी आदल्या काही दिवसांपासून थोडं थोडं करून सोडलं होतं आणि आम्ही पोचलो तेव्हा टाकी जवळजवळ भरली होती. खाली मालक, म्हणजे ऑफिसात आलेले तेच गृहस्थ, आणि कामावरचा सुपरवायझर उभे होते. दोघंही वर बघत होते. आम्हीही वर बघितलं. निमुळत्या तळाच्या मध्यावर, अर्ध्या गोलात, एक ओलसर काळपट पट्टा उमटला होता. त्याच्या खालच्या कडेला थेंब धरत होते आणि एखादा सुटून खाली मातीत पडत होता.

"मॅडम, टाकीला घाम फुटलाय," मालक म्हणाले. आवाज शांत होता, पण नजर तिच्यावर होती. "गावातली समदी मानसं सकाळपासून बघून गेल्यात. आता काय सांगायचं त्यास्नी?"

मी तिला पहिल्यांदाच गप्प बघत होते. ती मागे सरकली आणि तिथं रचलेल्या फळ्यांच्या ढिगावर बसली. चेहरा पांढराफटक.

त्या क्षणी मला आनंद झाला. थोडाथोडका नाही, चांगला भरपूर. सरांना फोन करून कसं सांगायचं त्याची वाक्यंसुद्धा तयार व्हायला लागली. "गळते आहे, सर." बस्स, तीन शब्द.

मालक पुढे म्हणाले, "माझ्या मेहुण्याची वळखीची मानसं हायत. टाकी रिकामी करायची, आतून समदं खरवडून काढायचं आन् जाड प्लास्टर मारायचं. डिझाइनच चुकलं आसंल तर दुसरं काय करनार?"

सुपरवायझरनं मान डोलावली. "उद्याच पाणी सोडून देतो."

"सोडू नका," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मालकांनी विचारलं, "तुमी कोन?"

"मी यांचं डिझाइन तपासलंय," मी म्हटलं. मग सुपरवायझरकडे वळले. "तो पट्टा आहे तिथं एका दिवसाचं काँक्रीट थांबवून दुसऱ्या दिवशी पुढचं घातलं होतं का?"

त्यानं एकदा मालकांकडे बघितलं. "व्हय, मॅडम. लाइट गेली हुती. मिक्सर बंद पडलं."

"मग डिझाइनचा काही संबंध नाही. सांधा आहे तो. टाकी भरलेलीच राहू द्या. प्लास्टर नको, खरवडणं तर मुळीच नको. असा बारीक पाझर काँक्रीट स्वतःच बुजवतं. आतला चुना पाण्याबरोबर येऊन चिरेत साठतो. पांढरी रेघ दिसेल आणि ओल थांबेल. नाही थांबली तर काय करायचं ते मी येऊन सांगते."

"आन् नाय थांबली तर पाणी वाया जाईल त्ये?"

"दाजी," मी म्हटलं, "मी आयुष्यभर गळक्या टाक्याच बघत आलेय. हा पाझर काही गळणं नव्हे."

मालकांना 'दाजी' म्हटलेलं आवडलं असावं, किंवा माझे पांढरे केस बघून पटलं असावं. ते म्हणाले, "बरं, आठ दिस बघू."

मी तिच्यासाठी बोलले असं मला म्हणता येणार नाही. एक चांगली टाकी कुणीतरी उगाच खरवडून काढणार होतं, ते मला सहन झालं नाही. पण ती फळ्यांवरून उठून माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि परत निघेपर्यंत माझ्या बाजूनं हलली नाही.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "ताई, तुम्ही आज नसतात तर—"

"पट्टा लावा," मी म्हटलं. तिनं सीटबेल्ट लावला. हडपसर येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती आणि मी दिसलंच नाही असं दाखवत होते.

आठवडाभरात टाकीवरचा ओला पट्टा सुकला. पांढरी रेघ राहिली, बाकी टाकी कोरडी. मालकांनी पेढ्यांचा पुडा पाठवला. त्यावर तिच्यासाठी म्हणून लिहिलं होतं आणि तिनं तो उघडून पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

त्यानंतर आमच्यात बरं चाललं. मैत्री म्हणावी असं काही नाही, पण शनिवारी तिघांची बैठक व्हायची आणि मी तिला 'तू' म्हणायला लागले होते. आणि मग एक दिवस तिनं सांगितलं की ती जाते आहे. एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायची जागा तिला मिळाली होती. "मला शिकवण्यात खूप मजा येते," ती म्हणाली. "हे सरांकडे आणि तुमच्याकडे बघून कळलं."

आता सुटले, असं मला वाटायला हवं होतं. तेवढ्यात मी सरांचा चेहरा बघितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "उत्तम," म्हणाले. "मुलांचं भाग्य." मग आत गेले आणि दार लोटून घेतलं. पुढचे कित्येक शनिवार ते टेबलाशी बसले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा तेव्हा बराच बरा झाला होता.

मला पुन्हा तेच व्हायला लागलं. आता तर ती ऑफिसातही नव्हती आणि मी तिच्या रिकाम्या खुर्चीचा मत्सर करत होते. मी उद्या सोडून गेले तर सर असे खचतील का? मला वाटत होतं की ते म्हणतील, "बरं. कामं कुणाकडे देताय?"

एका शनिवारी मला राहवलं नाही. बाकीचे गेल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच विचारलं, "सर, लोणीची टाकी तुम्ही मला का दिली नाहीत?"

सरांनी वर बघितलं. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. "तिनं मागितली," ते म्हणाले.

"मागितली?"

"हो. ते गृहस्थ फाटकाबाहेर पडतायत तोवर आत आली आणि म्हणाली, सर, ही मला करायची आहे. मी म्हटलं, कर."

"तुम्ही मला म्हणाला होतात, पुढची उंच टाकी तुम्ही करायची."

"म्हटलं असेन," सर म्हणाले. "आठवत नाही हो मला."

मी उभीच. सरांनी समोरचा कागद बाजूला सारला. "तुम्ही कधी काही मागितलं नाहीत," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुम्हाला खालच्याच आवडतात. इतक्या मन लावून करता. तुमच्या एकाही टाकीला मला कधी पुन्हा जावं लागलं नाही. मला वाटलं, हे एक तरी माणूस आपल्या जागी सुखात आहे."

मला खूप बोलायचं होतं. वर्षानुवर्षांचं. पण तोंडातून बाहेर पडलं ते इतकंच, "मग पुढची मला हवी आहे."

"घ्या," सर म्हणाले. इतकं सोपं होतं ते.

पुढची यायला वेळ लागला, पण आली. भोरच्या बाजूला एका गावाला उंच टाकी हवी होती. काम आलं त्या दिवशी मी सरांच्या दारात जाऊन उभी राहिले. ते मला बघून म्हणाले, "माहीत आहे, तुमचीच." मी ती केली. तिचा घुमट मी सात-आठ वेळा तरी बदलला. सॉफ्टवेअरनं सांगितलं त्याहून थोडा उथळ केला, कारण तो डोंगराच्या समोर उभा राहणार होता आणि मला तो बसका, शांत हवा होता. कधी नव्हे ती मी साइटवरून रापून यायला लागले. नवरा म्हणाला, "टोपी घाल." मी घातली नाही.

टाकी भरली, सुकी राहिली, गावानं नारळ फोडला. सरांना घेऊन गेले होते. ते खाली खुर्चीवर बसून बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "घुमट चांगला झालाय." सरांच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळ झालं.

मग काही महिन्यांनी तिचा फोन आला. "ताई, माझ्या वर्गातल्या मुलांना तुमची टाकी दाखवायची आहे. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय त्यांना कळत नाही. तुम्ही याल?"

मी गेले. बसमधून चाळीसेक मुलंमुली उतरली. ती स्वतः आता जरा अंगानं भरली होती, साडी नेसली होती, पण बोलणं तितकंच भरभर. टाकीखाली उभी राहून तिनं समजावायला सुरुवात केली. घुमटाचा भार कसा उतरतो, निमुळता तळ का, खांब गोलात का. ती माझ्या टाकीबद्दल बोलत होती आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलत होती. मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. एकजण तर खांबाला टेकायचंही विसरला होता. मी जरा बाजूला, बांधाशेजारी उभी होते, आणि तोच जुना चटका पुन्हा जिवंत झाला. आता तर टाकी माझी होती.

एका मुलानं विचारलं, "मॅम, ही तुम्ही डिझाइन केली?"

"नाही रे," ती म्हणाली आणि माझ्याकडे हात केला. "या ताईंनी. त्यांच्याइतकी टाकी पुण्यात कुणाला कळत नाही."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी हात जोडले. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "प्रश्न असतील तर विचारा." कुणी काही विचारलं नाही. एका मुलीनं हळूच टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, आणि पुन्हा सगळे तिच्याकडे वळले.

निघायच्या वेळी त्यांना टाकीसमोर सगळ्यांचा फोटो हवा होता. ती मध्ये, मुलं तिच्या दोन्ही बाजूंना गर्दी करून. "ताई, या ना तुम्ही पण," ती म्हणाली. पण मग काढणार कोण? एका मुलानं अगदी अदबीनं आपला फोन माझ्या हातात दिला. "मॅडम, प्लीज?"

मी फोन घेतला. टाकी पूर्ण मावत नव्हती. घुमट सारखा कापला जात होता. मी मागे सरकले, आणखी मागे, पार ज्वारीच्या रानात शिरले, धाटं अंगाला लागत होती. तेव्हा कुठे घुमट आत आला. त्याच्या खाली ती आणि तिची मुलं, अगदी लहान दिसत होती.

"हसा," मी म्हटलं, आणि फोटो काढला. चांगला आला.